वकिली ऑफिसात वेळेची नोंद कशी ठेवावी? कोणतं मॅटर परवडतं हे काढायचंय (सल्ला हवा)

दिवाणी_फौजदारी:
पुण्यात दोन भागीदार, दोन ज्युनियर, एक कारकून असं ऑफिस आहे. दिवाणी दावे, एका पतसंस्थेच्या १३८ च्या (चेक बाउन्सच्या) चाळीसेक तक्रारी, थोडं दस्तांचं काम आणि एका कंपनीचं महिना १५,००० चं रिटेनर (लागेल तेव्हा सल्ला देण्याची ठरलेली मासिक फी). फी ठोक ठरते, तासावर पैसे देणारा पक्षकार नाही. बोर्ड (त्या दिवशी कोर्टात लागलेल्या प्रकरणांची यादी) रोज भरलेला असतो, पण महिनाअखेरीस शिल्लक जेमतेम. कोणत्या प्रकारच्या कामात पैसे राहतात आणि कोणत्यात जातात, हे आकड्यात काढायचं आहे. प्रश्न तीन:
१) सॉफ्टवेअर घ्यावं की एक्सेल पुरेल?
२) कोर्टात नुसतं बसून जातो तो वेळ कुठे लिहायचा?
३) ज्युनियरला पगार तसाही द्यायचाच आहे, मग त्याचा वेळ मोजायचा का?

निशाणी_पाच:
पहिले तीन महिने एक्सेल. सॉफ्टवेअर नंतर बघा, कारण आपल्याला कोणते रकाने लागतात हेच आधी ठाऊक नसतं.

रकाने सातच ठेवा: तारीख, कोण, मॅटर कोड, कामाचा प्रकार, मिनिटं, एका ओळीत तपशील, खिशातून गेलेला खर्च. याहून जास्त केलेत तर तिसऱ्या आठवड्यात कोणी भरणार नाही.

मॅटर कोड स्वतःचा बनवा. सीएनआर नंबर (प्रकरण कोर्टात दाखल झाल्यावर मिळणारा ओळख क्रमांक) १६ अक्षर-अंकांचा, रोज हाताने टाकताना चुकतो. शिवाय नोटीस देण्याच्या टप्प्यावर तो नसतोच. "२५-०१४-चेक" म्हणजे २०२५ मधलं चौदावं मॅटर, प्रकार चेक बाउन्स. सीएनआर दुसऱ्या शीटमध्ये एकदाच लिहून ठेवा. कोडचा शेवटचा भाग महत्त्वाचा, पुढे सगळी बेरीज प्रकारावर करायची आहे.

कामाचे प्रकार ड्रॉपडाउनमधून निवडायला लावा: मसुदा, रिसर्च, पक्षकाराशी भेट, फोन, फायलिंग व नक्कल, कोर्ट-काम, कोर्ट-थांबा, प्रवास, ऑफिस. मोकळं ठेवलंत तर एक जण "ड्राफ्टिंग" लिहितो, दुसरा "मसुदा", तिसरा "मसूदा", आणि बेरीज तीन ठिकाणी पडते.

मिनिटं साध्या आकड्यात टाका, तास:मिनिट अशी वेळ टाकू नका. एक्सेलमध्ये वेळेची बेरीज २४ तासांनंतर पुन्हा शून्यापासून दिसते. चाळीस तासांची बेरीज १६:०० अशी येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मिनिटं टाकली की शेवटी ६० ने भागायचं, विषय संपला.

एकक सहा मिनिटांचं धरा, तासाचा दहावा भाग. पंधरा मिनिटांचं एकक सोपं वाटतं, पण पक्षकारांचे तीन-तीन मिनिटांचे आठ फोन म्हणजे खरी २४ मिनिटं, आणि शीटवर दोन तास. सहाच्या एककात तेच ४८ होतात. तेही फुगलेलंच, पण फोन ठेवल्यावर पुन्हा मसुद्यात डोकं घालायला जो वेळ लागतो तो धरला तर खोटं नाही.

आणि नोंद त्याच दिवशी. शनिवारी आठवून लिहिलेल्या शीटमध्ये युक्तिवाद आणि उलटतपास असतात. नक्कल विभागात गेलेला पाऊण तास आणि "साहेब, आमच्या केसचं काय झालं" हे फोन नसतात. नेमकं गळतं ते तिथेच.

ताळेबंद:
तिसऱ्या प्रश्नापासून घेतो. ज्युनियरचा वेळ धरायचा, आणि भागीदारांचाही पगार धरायचा. हे दोन्ही सोडलं की प्रत्येक मॅटर फायद्याचं दिसतं.

उदाहरणाचे आकडे घेतो, तुमचे तुम्ही घाला. महिन्याचं भाडं ३०,०००, कारकून १८,०००, टायपिंग १५,०००, वीज-इंटरनेट-झेरॉक्स ९,०००, जर्नल व सॉफ्टवेअर ६,०००, प्रवास १२,०००, किरकोळ १०,०००. झाले १ लाख. चार वकिलांत सारखे वाटले तर माणशी २५,०००. (सारखे वाटणं काटेकोर नाही, भागीदाराची केबिन मोठी असते वगैरे. पण सुरुवातीला तेवढ्यावर भांडू नका.)

भागीदाराची किंमत: घरी न्यायची रक्कम १ लाख + २५,००० = १,२५,०००. ज्युनियर: पगार २५,००० + २५,००० = ५०,०००.

आता तास. २२ दिवस गुणिले ८ असं करू नका. मॅटरवर नाव घालता येईल असं काम दिवसाला पाच तास निघालं तरी चांगलं. म्हणजे ११० तास. भागीदाराचा तास पडला १,१३६ रुपयांना, ज्युनियरचा ४५५ ला. हा नुसता खर्च आहे. यावर जे सुटेल तो नफा.

तुमच्या १३८ वर लावून बघा. एका तक्रारीची फी ६,००० धरू. ज्युनियर: नोटीस अर्धा तास, तक्रार व शपथपत्र दीड, दाखल करून पडताळणीपर्यंत दीड. म्हणजे साडेतीन. पुढे बारा तारखा. सहा तक्रारी एकाच कोर्टात एकाच दिवशी लागल्या तर तक्रारीमागे तारखेला ०.४ तास, एकूण ४.८. ज्युनियरचे झाले ८.३ तास, म्हणजे ३,७७७ रुपये. भागीदाराचे उलटतपास आणि युक्तिवाद मिळून अडीच तास, २,८४०. बेरीज ६,६१७. प्रत्येक तक्रारीत ६१७ रुपये घरचे.

हे तारखा एकत्र पडल्या तर. त्याच तक्रारी वेगवेगळ्या दिवशी लागल्या आणि तारखेला सव्वा तास गेला, तर ज्युनियरचेच १८.५ तास होतात आणि खर्च ११,२५८ वर जातो. काम तेच आणि फीही तीच. फरक सगळा बाकावर बसण्यात.

म्हणून १३८ च्या गठ्ठ्यात फी वाढवायच्या आधी तारखा जुळवा. एकाच फिर्यादीची प्रकरणं एका दिवशी ठेवण्याची विनंती करा, आणि तारीख लिहून घेताना ज्युनियरच्या हातात बाकी पाचांच्या तारखा असू द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

खालचं_कोर्ट:
थांब्याबद्दल ताळेबंद यांच्याशी थोडा मतभेद. मॅटरच्या नावावर थांबा घातलात तर आकडे नशिबावर जातात. साहेब (न्यायाधीश) रजेवर गेले आणि बारापर्यंत कळलं नाही, यात त्या दाव्याचा काय दोष? थांब्याचे सगळे तास ऑफिस खर्चात टाका आणि ताशी दर त्या हिशेबाने चढवा.

निशाणी_पाच:
तसं केलंत तर दस्ताचं काम, ज्यात कोर्टाचं तोंडही बघावं लागत नाही, तेही थांब्याचा बोजा उचलतं आणि महाग दिसतं. आणि जे कोर्ट खरोखर वेळ खातं ते लपून राहतं. मधला मार्ग: त्या दिवशी त्या कोर्टात जेवढी मॅटर बोर्डावर होती त्यांच्यात थांबा समान वाटा. दहा ते एक बसलात, त्यात प्रत्यक्ष काम ४० मिनिटं आणि मॅटर चार. ४० मिनिटं ज्याची त्याला, उरलेली १४० भागिले चार, प्रत्येकी ३५. एका दिवसात नशीब दिसतं, तीन महिन्यांत सरासरी येते.

थांबता थांबता दुसऱ्या दाव्याची कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) वाचून काढली तर तो वेळ त्या दुसऱ्या दाव्याचा, थांबा नाही. एकच मिनिट दोनदा लिहायचं नाही.

एक रकाना मात्र वाढवा, फक्त कोर्टाच्या नोंदीसाठी: तारीख का पडली. समन्स बजावून आलं नाही, समोरच्यांचा मुदतीचा अर्ज, आपला मुदतीचा अर्ज, साहेब रजेवर, वेळेअभावी. तीन महिन्यांनी हा रकाना चाळा. "आपला अर्ज" हे कारण अपेक्षेपेक्षा जास्त वेळा दिसलं तर तोटा ऑफिसातच तयार होतोय. कैफियत वेळेत तयार नाही, साक्षीदाराला निरोप गेला नाही, वगैरे. १३८ मध्ये "समन्स बजावून आलं नाही" जास्त असेल, तर नोटिशीच्या वेळीच पत्ता पक्का करून घेण्यात ज्युनियरचा अर्धा तास घालवा, वसूल होतो.

खालचं_कोर्ट:
समान वाटणी पटली. मात्र ज्युनियरला आधीच सांगा की ही शीट त्याची हजेरी नाही. तसा समज झाला की रिसर्चचे तास फुगतात, प्रत्येक जण रोज बरोबर आठ तास भरतो, आणि तुमचं वरचं सगळं गणित बसल्या जागी वाया जातं.

बोर्ड_डिस्चार्ज:
ॲपचं विचारलंत म्हणून. टॉगल आणि क्लॉकिफाय दोन्ही मोफत सुरू करता येतात, फोनवर चालतात, महिन्याचा तक्ता एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो. मसुदा आणि रिसर्चला उत्तम. कोर्टात मात्र टायमर जमत नाही. पुकारा झाला की फोन खिशात जातो आणि टायमर रात्री जेवताना आठवतो. नऊ तासांची नोंद दिसली की समजायचं. टेबलावर टायमर, कोर्टाची नोंद बाहेर पडताना हाताने, असं मिश्र ठेवा.

याहून सोपं म्हणजे ऑफिसच्या व्हॉट्सॲप गटात ठरलेल्या साच्याचा एक निरोप: "२५-०१४-चेक / कोर्ट-काम / १८ / सरतपासणीचं शपथपत्र दाखल". कारकून संध्याकाळी शीटवर चढवतो. ॲप असो वा गट, पक्षकाराचं नाव टाकायचं नाही, फक्त कोड. तो डेटा आपल्या कपाटात राहत नाही.

दिवाणी_फौजदारी:
मंडळी, फार उपयोगी. १३८ चा हिशेब वाचून घाम फुटला. यावर एक विचार: पतसंस्थेशी फी कमी ठेवून वसुलीवर टक्केवारी ठरवली तर?

खालचं_कोर्ट:
नको. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत मनाई आहे, नियम २०. टप्प्यावर फी ठरवा. नोटीस, तक्रार दाखल, आरोपी हजर होईपर्यंत, पुरावा, युक्तिवाद, प्रत्येकाची वेगळी रक्कम आणि टप्पा सुरू होण्याआधी देय. बरीच प्रकरणं मध्येच तडजोडीत मिटतात, तेव्हा ठोक फीवर वाद होतो, टप्प्यावर होत नाही. ठरावीक तारखांच्या पुढे तारखेमागे किती, हेही फीपत्रात लिहा.

फी थकली म्हणून फाइल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. त्यामुळे वसुलीचं जे काही आहे ते टप्प्याच्या आधीच.

आणि कोर्ट फी स्टॅम्प, बेलीफ, नक्कल यांसाठी आलेले पैसे वेगळ्या रकान्यात. पैसे घेताना फीचे की खर्चाचे हे लिहावंच लागतं, आणि काम चालू असताना खर्चाचे पैसे पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाहीत. हे नियमाचं झालं. हिशेबाच्या बाजूनेही ते पैसे फीत मिसळले की मॅटर गुबगुबीत दिसतं.

ताळेबंद:
पैशाच्या रकान्यात तीन चुका नेहमी होतात.

पहिली, टीडीएस. पतसंस्था किंवा कंपनी वर्षाला ५०,००० च्या वर फी देत असेल तर १० टक्के कापून देते (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ३०,००० होती). ६०,००० च्या बिलावर बँकेत ५४,००० येतात. कोणी ५४,००० हीच फी धरतं, कोणी ६,००० थकबाकीत दाखवून पक्षकाराला फोन करतं. शीटमध्ये पूर्ण रक्कम लिहा, टीडीएस शेजारी, आणि तिमाहीला २६एएस शी (आपल्या नावावर जमा टीडीएसचं आयकर खात्याकडचं विवरण) ताडून बघा.

दुसरी, जीएसटी. वकिलाच्या बिलात तो लागत नाही. व्यावसायिक पक्षकार असेल तर तो उलट आकारणीने (रिव्हर्स चार्ज, म्हणजे सेवा घेणाऱ्याने भरायचा) त्याच्याच अंगावर येतो. पण तुम्ही सॉफ्टवेअरवर, भाड्यावर जो १८ टक्के भरता त्याचा परतावा तुम्हाला नाही. म्हणून खर्च करासकट धरा.

तिसरी, निम्मी जमा नफा दाखवून विवरणपत्र भरणारे. ती कराची सोय आहे. त्यावरून ऑफिसला ५० टक्के सुटतात असं धरून कोणी ज्युनियर वाढवू नये.

रिटेनरचंही बघा. १५,००० मध्ये भागीदाराचे ९ आणि ज्युनियरचे ११ तास गेले की खर्च १५,२२९. तास मोजत नाही म्हणून कंपनी दर भाडेकरार "एकदा नजर टाका" म्हणून पाठवते. दर महिन्याला बिलासोबत केलेल्या कामांची यादी तासांसह जोडा. पैसे मागायचे नाहीत, नुसती यादी. नूतनीकरणाच्या वेळी तीच बोलते.

महिनाअखेरीस प्रत्येक प्रकारासाठी एकच आकडा काढा: त्या प्रकारात प्रत्यक्ष हातात आलेली फी भागिले त्या प्रकारात सगळ्यांचे गेलेले तास. ठरलेली फी घेऊ नका, आलेली घ्या. भागीदाराचे तास ज्यात जास्त आहेत त्या प्रकाराला आकडाही मोठा लागतो, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

दिवाणी_फौजदारी:
सोमवारपासून शीट सुरू करतो. शेवटची शंका: जे पक्षकार सल्ला घेऊन जातात आणि परत येत नाहीत, त्यांचा वेळ कुठे?

निशाणी_पाच:
एक कायमचा कोड, "००-सल्ला". तपशिलात फक्त कोणाच्या ओळखीने आले ते लिहा. महिन्याला त्यात दहा तास दिसले तर पहिल्या भेटीची फी लावा, आणि ती भेट सुरू होण्याआधी कारकुनाने घ्यायची, वकिलाने मागायची नाही.