'रशियन रूले' आणि १ एप्रिल: क्विझ शोमध्ये थट्टा खपते का?

झरोका
जून २००२ ते जून २००३. अमेरिकेच्या गेम शो नेटवर्कवरच्या 'रशियन रूले'ला एवढंच आयुष्य लाभलं. मी त्या वर्षी तिकडे शिकत होतो आणि हा कार्यक्रम सहसा चुकवायचो नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल रंगमंच, जमिनीत सहा झाकणं, चार स्पर्धक, प्रत्येकजण एकेका झाकणावर उभा. प्रश्न आला की आपण स्वतः उत्तर द्यायचं नाही, समोरच्या एकाला द्यायला लावायचं. तो चुकला तर त्याने आपल्या पुढ्यातला दांडा ओढायचा. लाल दिवे गरगर फिरायचे आणि थांबताना त्याच्या पायाखाली लाल दिसला, तर झाकण उघडून माणूस खाली गडप. शेवटपर्यंत टिकला तर बक्षीस १ लाख डॉलरपर्यंत.

दांडा ओढल्यानंतरचे ते दोन-तीन सेकंद मला आजही हुबेहूब दिसतात. बहुतेकजण दिव्यांकडे बघायचेच नाहीत. कोणी डोळे मिटायचा, कोणी गुडघे किंचित वाकवून उडी मारायच्या तयारीत असल्यासारखा उभा राहायचा. दिवा शेजारी सरकून थांबला की चेहऱ्यावर जे उमटायचं, ते अभिनयाने येत नाही.

आणि १ एप्रिल २००३. त्या दिवशी वाहिनीने आपल्या सूत्रसंचालकांची अदलाबदल केली. रोजचा चेहरा रोजच्या जागी नाही, एका कार्यक्रमाचा यजमान दुसऱ्याच कार्यक्रमात स्पर्धक म्हणून उभा. आधी गोंधळायला झालं, मग तारीख आठवली आणि जाम हसलो. माझं म्हणणं सरळ आहे: क्विझ शोने केलेली इतकी निर्मळ थट्टा मी नंतर पाहिली नाही, आणि असे कार्यक्रम एका वर्षात गुंडाळले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

ताळेबंद
थट्टेचं नंतर बघू. मुळात याला क्विझ म्हणायला माझी तयारी नाही. फेरी संपेपर्यंत कोणीच पडलं नाही, तर आघाडीवर असलेला सुरक्षित आणि बाकीच्यांपैकी एकजण निव्वळ नशिबाने खाली. म्हणजे एकही उत्तर न चुकलेला माणूस घरी जाऊ शकतो! ज्ञानाच्या स्पर्धेत याहून मोठा अन्याय कोणता? तरुणपणी पाहिलेलं सगळंच गोड लागतं. कार्यक्रम वर्षभरात बंद पडला यात मला नवल वाटत नाही.

झरोका
@ताळेबंद, तुम्ही निम्मा खेळ सोडून देताय. प्रश्न कोणाकडे ढकलायचा हा निर्णयच त्यातली खरी परीक्षा होती. समोरच्याला काय येत नाही हे ओळखायचं, शिवाय आघाडीही सांभाळायची, कारण आघाडीवर असलेलाच वाचणार. नशीब होतंच, पण त्याची धार बोथट करायची सोय खेळातच होती.

जुनी_वही
माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो थट्टेलाच आहे. क्विझ शो सगळा विश्वासावर उभा असतो. प्रश्न खरा, स्पर्धक खरा, उत्तर आधी सांगितलेलं नाही, हे गृहीत धरून आपण बघतो. अमेरिकेत हा विश्वास एकदा पार धुळीला मिळालाय. १९५६ मध्ये एनबीसी वाहिनीच्या 'ट्वेंटी-वन' या क्विझ शोमध्ये हर्ब स्टेम्पल या स्पर्धकाला मुद्दाम हरायला लावलं. जे उत्तर त्याला पाठ होतं तेच चुकवायला सांगितलं, आणि चार्ल्स व्हॅन डोरेनला जिंकवलं. व्हॅन डोरेन घराघरांत पोचला, 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला. मग नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं की प्रश्न आणि उत्तरं आपल्याला आधीच मिळत होती. १९६० मध्ये कायदा बदलून असली लबाडी गुन्हा ठरवावी लागली.

ज्या प्रकाराचा इतिहास असा, त्याने प्रेक्षकाला 'फसवलं की नाही!' म्हणून हसू नये. विनोदी कार्यक्रम हवे तेवढे आहेत, तिथे करा थट्टा. परीक्षेच्या हॉलमध्ये नको.

अबोली
@जुनी_वही, दोन फार वेगळ्या गोष्टी तुम्ही एका पारड्यात टाकल्यात. 'ट्वेंटी-वन'ने निकाल फिरवला आणि तो लपवला. अदलाबदलीत लपवलं काय? माणूस समोर उभा आहे, तो नेहमीचा नाही हे पडदा उघडताक्षणी कळतं.

ही कल्पना मुळात या वाहिनीची नव्हतीच. १ एप्रिल १९९७ ला 'जेपर्डी' या क्विझ शोचा यजमान ॲलेक्स ट्रेबेक 'व्हील ऑफ फॉर्च्यून' हा शब्द ओळखायचा खेळ चालवायला गेला आणि त्या खेळाचा यजमान पॅट सेजॅक 'जेपर्डी' चालवायला आला. 'व्हील'वर सेजॅक आणि रोज फळ्यावरची अक्षरं उलटणारी व्हॅना व्हाइट स्वतः स्पर्धक होते, धर्मादाय संस्थांसाठी खेळत होते आणि व्हाइटच्या जागी सेजॅकची बायको उभी होती. यात कोणाचा विश्वासघात झाला ते सांगा.

थट्टा कुठे बोचते ते बघायचं असेल तर नेदरलँड्समधला २००७ चा 'डोनर शो' बघा. बीएनएन वाहिनीने जाहीर केलं की मरणासन्न बाई आपली किडनी तीन रुग्णांपैकी एकाला देणार, प्रेक्षकांनी एसएमएस करून सल्ला द्यायचा. जगभर संताप उसळला. शेवटी कळलं की बाई नटी होती. रुग्ण मात्र खरे होते आणि त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. फसलो ते फक्त आपण, बघणारे. मला हे आजही पटत नाही.

ताळेबंद
@अबोली, इथे मी नेमका उलट बाजूला आहे. त्या 'डोनर शो'मागे कारण होतं. वाहिनीचा संस्थापक बार्ट डी ग्राफ २००२ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेला होता आणि अवयवांसाठी वर्षानुवर्षं थांबणाऱ्यांकडे देशाचं लक्ष जावं ही धडपड होती. लोक खवळले, पण विषयावर बोलले. माझ्या लेखी ती थट्टा कामाची. यजमानांची अदलाबदल म्हणजे वाहिनीने स्वतःची केलेली जाहिरात, त्यापलीकडे काय?

अबोली
कारण चांगलं असलं म्हणून लोकांच्या करुणेशी खेळायची मुभा मिळत नाही. पुढच्या वेळी खरा रुग्ण पडद्यावर आला, की 'हाही नट असेल' ही शंका मनात येणारच. अदलाबदलीने अशी शंका कोणाच्या मनात पेरली नाही.

जुनी_वही
@अबोली, १९९७ चं उदाहरण मान्य, तिथे फसवणूक नव्हती. पण माझा मुद्दा तसाच राहतो. ज्या दिवशी यजमान नवखा आणि स्पर्धक ओळखीचे, त्या दिवशी खेळ गांभीर्याने कोण खेळतं? रोज मन लावून बघणाऱ्याचा तो एक भाग वायाच गेला.

झरोका
वाया? माझ्यासाठी उलट झालं. @ताळेबंद, जाहिरात होती हे खरं, पण कोणाची ते बघा. टॉड न्यूटन याच वाहिनीवरचा 'व्हॅमी' हा गेम शो चालवायचा. केनेडी 'फ्रेंड ऑर फो'मध्ये दोन अनोळखी माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवायचा की दगा द्यायचा या पेचात टाकायची. ग्रॅहम एलवूडच्या 'क्रॅम'मध्ये स्पर्धकांना रात्रभर जागवून पाठांतर करायला लावायचे. 'रशियन रूले'चा मार्क वॉलबर्ग तर अजूनही नावामुळे सिनेमातल्या नटाशी गल्लत होऊन बसलेला. ही मंडळी छोट्या वाहिनीवर, बेताच्या सेटवर, दरवेळी नवं काहीतरी करून बघत होती. त्या एका दिवसात ती एकत्र काम करणारी एक टोळी आहे हे पहिल्यांदा दिसलं.

आणि त्यानंतर काय झालं? जूनमध्ये 'रशियन रूले' बंद. वर्ष संपेपर्यंत 'फ्रेंड ऑर फो' गेला, 'व्हॅमी'ही गेला. चक वूलरीचा शब्दखेळ 'लिंगो' तेवढा २००७ पर्यंत तगला. वॉलबर्गला पुढे पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर जुन्या वस्तूंची पारख करणारा 'अँटिक्स रोडशो' मिळाला, तिथे तो बरीच वर्षं रमला. चांगलंच झालं. पण चुकलेला स्पर्धक दांडा ओढताना वॉलबर्गचा जो आवाज बारीक व्हायचा, तो तिथे ऐकू यायचं काही कारण नव्हतं.

ताळेबंद
टोळीचा मुद्दा पटण्यासारखा आहे. न चुकलेल्याला खाली पाडणं मात्र मला कधीच पटणार नाही.