अनुभव धागा: मूल हरून घरी येतं तेव्हा

माझा मुलगा पंधरा वर्षांचा. शाळेच्या संघातून त्याला वगळलं. घरी आला तो बुटांसकट पलंगावर आडवा, तोंड भिंतीकडे. मी दारातूनच म्हटलं, "अरे, पुढच्या वेळी नक्की होईल." तो म्हणाला, "आई, आत्ता नको ना." ते शब्द अजून डोक्यातून जात नाहीत. तुमच्या घरी अशा वेळी काय उपयोगी पडलं, काय अंगाशी आलं? सल्ल्यापेक्षा घडलेलं लिहा.

⁂

आमची लेक लहानपणापासून "गणितात हुशार". सगळे म्हणायचे, मीही. नववीत ४० पैकी १७ पडले. पेपर दप्तराच्या तळाशी चार घड्या घालून ठेवलेला सापडला. मला म्हणाली, "बाबा, मी हुशार नव्हतेच. तुम्हाला उगाच वाटत होतं."

तेव्हा मी वाचायला लागलो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग वाचनात आले. ज्या मुलांच्या बुद्धीचं कौतुक झालं, ती अवघड कोड्यांत अडल्यावर जास्त खचली. ज्यांच्या मेहनतीचं झालं, त्यांची चिकाटी जास्त टिकली. माझंच चुकलं होतं. पण नुसतं "मेहनत कर" म्हणणंही पोकळच, कारण मेहनत ती करतच होती. मग दोघं पेपर घेऊन बसलो. एका गणितात पहिल्या तीन पायऱ्या अचूक, चौथीत वजाचं चिन्ह निसटलेलं. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या गणिताला तिनेच पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाली, "थांबा, इथेपण!" तिचा तो आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. आता घरात हुशार हा शब्द मी जपून वापरतो.

⁂

माझी आणि मुलीची भांडणं सकाळची. नंतर कळलं की या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, आणि झोप तर ८ ते १० तास हवी असते. म्हणजे सकाळी सातला मी जिच्याशी तिच्या भवितव्याबद्दल बोलत होते, ती धड जागीच नसायची! आता महत्त्वाचं काहीही संध्याकाळी, चालता चालता. एकमेकींकडे बघावं लागत नाही, म्हणून ती बोलते.

⁂

मी स्वतः अकरावीत नापास झालो होतो. निकाल कळला तेव्हा वडील अंगणात सायकलची साखळी बसवत होते. काही बोलले नाहीत. "पाना दे," एवढंच. मी दिला. अर्धा तास आम्ही दोघं ग्रीसमध्ये हात काळे करत बसलो. हात धुताना म्हणाले, "उद्या फॉर्मची तारीख बघू." आज माझा मुलगा त्याच वयाचा आहे, आणि तसं गप्प बसणं किती कठीण असतं ते आत्ता समजतंय.

⁂

मी सोळा वर्षांची आहे, लिहिलं तर चालेल ना? माझी मावशी आधी विचारते, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" बहुतेक वेळा मी "नुसतं ऐक" म्हणते. पण विचारलेलं खूप बरं वाटतं. आणि प्लीज, आमचे मार्क आमच्यासमोर दुसऱ्यांना सांगू नका.

⁂

एक गोष्ट मनापासून सांगते. माझ्या मुलाचं "वयच असं असतं" म्हणून आम्ही सोडून दिलं. दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, मित्रांचे फोन घेणं बंद, आवडती गिटार कोपऱ्यात. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो," असं तो म्हणाला तेव्हा मात्र आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते नैराश्य होतं. उपचार झाले, तो सावरला. एवढी लक्षणं दिसली तर थांबू नका, आणि जीव नकोसा झाल्याचं बोलला तर त्याच दिवशी जा. आम्ही वाया घालवलेले ते दिवस मला अजून टोचतात.

⁂

सगळं वाचलं. काल रात्री त्याला विचारलं, "ऐकू, की सुचवू?" तो म्हणाला, "काहीच नको. बस फक्त." बसले. बराच वेळ चेंडू भिंतीवर आपटत होता, मग एकदा माझ्याकडे टाकला.