'हॅलोवीन एन्ड्स' पाहिलेल्यांनो, लिहा पाहू!

मंडळी, १९७८ साली जॉन कारपेंटरने 'हॅलोवीन' या भयपटात पांढऱ्या मुखवट्याचा खुनी मायकल मायर्स मोकाट सोडला आणि २०२२ च्या 'हॅलोवीन एन्ड्स'मध्ये त्याचा कारभार आटोपला म्हणे. हा शेवटचा भाग तुम्ही कुठे, कुणाबरोबर पाहिलात? निव्वळ नायिका लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिससाठी पाहिलेल्यांनीही लिहा. शेवट फोडायला परवानगी आहे.

न्यू जर्सीहून
चित्रपटातलं हॅडनफील्ड इलिनॉयमधलं, पण त्या नावाचं खरं गाव आमच्याकडे आहे. पहिल्या भागाची सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल तिथलीच. त्या कौतुकापोटी घरीच लावला. सांगलीहून आलेल्या सासूबाई शेजारी गवार मोडत होत्या. सुरुवातीलाच कोरी नावाचा तरुण एका मुलाला सांभाळायला जातो. पोरगं चेष्टेत त्याला माळ्यावर कोंडतं, हा लाथ घालून दार उघडतो, आणि दाराला टेकलेलं पोर कठड्यावरून थेट खाली! गवार तिथेच राहिली. पुढे मात्र कोरीचंच पुराण. गाव त्याला छळतंय, लॉरीची नात त्याच्या प्रेमात पडतेय. "अगं, तो मुखवटेवाला कधी यायचा?" मी काय सांगणार! स्वयंपाकघरातली मारामारी त्यांनी उभ्याने पाहिली. लॉरी मायकलला ओट्यावर सुऱ्यांनी खिळवते, पायांवर फ्रिज पाडते. मग गावकरी वरात काढून त्याला भंगाराच्या आवारात नेतात आणि यंत्रात भरडतात. "आता नाही उठायचा मेला," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पुण्याहून
काकूंचं ठीक आहे, पण तो मेला यावरचा आमचा विश्वास उडालाय. १९९८ च्या भागात लॉरीने कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडवलं तेव्हा मी सुखाने झोपलो होतो. २००२ च्या भागात सांगितलं, मुखवट्याखाली भलताच माणूस होता! वर लॉरीलाच मारून टाकलं. २०१८ ला डेव्हिड गॉर्डन ग्रीनने पहिला भाग सोडून बाकी सगळ्यांवर बोळा फिरवला, ते उत्तम केलं. पण शेवटच्या भागात मायकलला गटारात बसवून नव्या पोराला पुढे करायचं? वरातीत नवरदेवच मागे ठेवल्यासारखं. मी जाम वैतागलो.

तबला शिकणारा, ठाणे
कथेचं तुम्ही बघा, मी संगीतासाठी बसतो. कारपेंटरला त्याच्या वडिलांनी बोंगोवर पाचाचा ठेका शिकवला, त्यातून ती पियानोची धून आली. मोजून बघा, आपल्या झपतालासारखे दहा ठोके, पण विभाग ३-३-२-२. झपताल २-३-२-३. मी हातावर टाळी धरून बघतो आणि दर वेळी भलतीकडेच टाळी पडते. त्या अस्वस्थपणाचं निम्मं श्रेय या हिशोबाला. या भागातही संगीत त्याचंच, मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस सोबतीला.

नाशिकहून
पुणेकर, जरा थांबा. मायकल शून्यातून उगवलेला, त्याला कारण नाही, म्हणून तर तो भीतिदायक. कोरीला मात्र गावाने घडवलं, एका अपघातावरून त्याला खुनी ठरवून. मला तरी मुखवट्यापेक्षा ते गावच भयंकर वाटलं. फसलंय कुठे, तर नातीचं प्रेम. दोन भेटींत ती घरदार सोडून पळायला निघते, ते काही केल्या पटत नाही.

पुण्याहून, पुन्हा
गावाचा मुद्दा मान्य. पण मग चित्रपटाचं नाव कोरीवरून ठेवायचं होतं. मी त्याचं तिकीट काढलंच नसतं.