नाटकातला प्रोफाइल शॉर्टफिल्मला चालेल का?

माजघर: आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे दोन हॅलोजन प्रोफाइल (झोताच्या कडा कापता येणारे स्टेजचे दिवे) पडून आहेत, ७५० वॉट, झोत ३६ अंशांचा. शॉर्टफिल्ममध्ये रात्रीचा सीन आहे: जुनं घर, खिडकीतून चांदणं, आजी जागी. लाइट भाड्याने आणायचं बजेट नाही. प्रोफाइल चेहऱ्यावर मारला तर पोलीस चौकशी चालू असल्यासारखं दिसतं.

पटकथा_पेंडिंग: एलईडी पॅनल घ्या, सुटाल.

विंगेतला_काका: पॅनलने खिडकीच्या गजांची सावली पडत नाही हो. त्यासाठी प्रोफाइलच बरा. अंगणात उंच स्टँडवर चढवा आणि झोत खिडकीतून आत सोडा. पाच मीटरवर तो साधारण सव्वातीन मीटर पसरतो, म्हणजे खिडकी आरामात भरते. खिडकी गैरसोयीच्या बाजूला असेल तर दिवा खोलीतच ठेवून चारही शटर (झोत कापणाऱ्या पट्ट्या) आत ढकला, भिंतीवर चौकट काढा आणि गजांचा गोबो, म्हणजे आकार कापलेली चकती, घाला. गोबो पत्र्याचाच हवा, प्लास्टिकवरची प्रिंट वितळेल. लेन्सची नळी जराशी सरकवून कडा मऊ करा. कडा कडक राहिली की लगेच स्टेज दिसतं.

आजींच्या चेहऱ्यासाठी दुसरा प्रोफाइल थर्माकोलच्या शीटवर मारा, दीड-दोन मीटर लांबून; परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर येऊ द्या. झोत शटरने शीटपुरताच कापा. पारने (शटर नसलेल्या साध्या स्टेजच्या दिव्याने) हेच केलंत तर उजेड भिंतीवर सांडतो आणि उजेड अडवणारे कटर लावत रात्र जाते.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर ठेवा आणि बाहेरच्या दिव्याला हाफ सीटीबी (निळी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक शीट) लावा. फुल लावलंत तर दीडेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड जातो, वर आजी निळ्या पडतात.

माजघर: काका, डिमरवर कमी केला तर?

विंगेतला_काका: नको. तंतू तांबूस होतो, चांदणं पिवळं पडतं. शिवाय डिमरवर तंतू गुणगुणतो, आणि आजी गप्प असताना माइकला तेच ऐकू येतं. एनडी जेल (रंग न बदलता उजेड कमी करणारी) लावा, नाहीतर दिवा मागे न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई. शूट सेकंदाला २५ फ्रेमवर, कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद.

आणि वायरिंग बघून घ्या. एक दिवा सव्वातीन अँपिअर ओढतो. जुन्या घरात दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर लावू नका.

तिसरी_घंटा: आमचे प्रोफाइल एलईडीचे आहेत. काही वेगळं?

विंगेतला_काका: कमी उजेडावर फ्लिकर (दिव्याची लुकलुक) तपासा. शूटिंगला कॅमेऱ्याचं जे शटर ठेवणार, त्यावरच टेस्ट क्लिप काढा. पट्टे दिसले तर दिवा फुल करून एनडी लावा.