‘सस्टेनेबल’ मंगळमोहीम: शाश्वत, टिकाऊ की आणखी काही?

शिक्षिका_यवतमाळ
आमच्या शाळेची सातवीची मुलं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मंगळावर माणूस पाठवण्याच्या आराखड्यांवर तक्ते करत आहेत. मूळ मजकूर इंग्रजी, आणि त्यात ‘अफोर्डेबल’ व ‘सस्टेनेबल’ हे शब्द पानोपानी येतात. मी ‘स्वस्त आणि शाश्वत’ लिहिलं. शेजारच्या हायस्कुलातले संस्कृतचे सर म्हणाले, शाश्वत तर आत्मा. यान कसलं शाश्वत? पण सरकारी कागदांत सगळीकडे ‘शाश्वत विकास’च दिसतो. तक्त्यावर काय लिहावं?

शब्दनिष्ठ
सरांचं बरोबर आहे. ‘शश्वत्’ म्हणजे नित्य, सदोदित. सरकारी वापराने अर्थ बदलत नाही. ‘टिकाऊ’ लिहा.

पऱ्हाटी
टिकाऊ वस्तू असते. मुलं समजतील, यान मजबूत आहे. यानं मजबूत असूनही मोहिमा थांबतात. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतून 12 माणसं चंद्रावर चालून आली आणि डिसेंबर 1972 नंतर तिथे कोणी उतरलं नाही, कारण दरवर्षीचा पैसा आटला.
‘स्वस्त’ तर काढाच, ताई. मंगळयान सुमारे 450 कोटींत झालं, ते स्वस्त. पण त्यात माणूस नव्हता. माणसाची मोहीम स्वस्त होणारच नाही, तिचा भार वर्षानुवर्षं झेपला पाहिजे. 1989 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी मंगळावर माणूस पाठवण्याची घोषणा केली, अंदाज 500 अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि तिथल्या संसदेने हात आखडला. म्हणून ‘परवडणारी’.

खारपाणपट्टा
याच्यासाठी आपल्याकडं शब्द हाये ना बाप्पा, ‘पोसवणं’. माही आजी म्हने, “बैलजोडी घेनं झालं, पन पोसवली पायजे.” घेतल्यावर चालू ठेवनं निभते का, हे त्याच्यातच आलं. दोन्ही इंग्रजी शब्द एकात बसले. ‘पोसवणारी मंगळमोहीम’ लिहा.

शब्दनिष्ठ
बोलीबद्दल आदर आहे, पण तक्ता वाचणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द कळायला हवा. शिवाय पोसणारा एक आणि खाणारा दुसरा, असा त्याचा अर्थ. या आराखड्यांचा रोख उलटा आहे. अमेरिकी अभियंते रॉबर्ट झुब्रिन यांनी 1990 साली मांडलं की परतीचं इंधन इथून वाहून नेऊ नये, मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून तिथेच करावं. त्याला ‘स्वावलंबी’ म्हणावं.

पऱ्हाटी
स्वावलंबन फार दूर आहे. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या ‘मॉक्सी’ यंत्राने 2021 ते 2023 या काळात मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला, तो सगळा मिळून 122 ग्रॅम. एका माणसाला दिवसाला 800 ग्रॅमच्या आसपास लागतो. यंत्र लहान होतं आणि पद्धत चालते हे सिद्ध झालं, ही मोठीच गोष्ट आहे. पण ‘स्वावलंबी’ लिहिलं तर मुलांना वाटेल, झालंच सगळं.

धानपट्टा
मला ‘मोहीम’च खटकते. मराठ्यांची मोहीम दसऱ्याला निघे आणि पावसाळ्याआधी परते. मोहीम म्हणजे जाऊन येणं. जे चालूच राहायचं त्याला मोहीम कशी म्हणावी? ‘मंगळवस्ती’ म्हणा.

शिक्षिका_यवतमाळ
वस्तीचा विषय तक्त्यात नाही हो. पण दसऱ्यावरून आठवलं. पृथ्वी-मंगळाची सोयीची जुळणी साधारण 26 महिन्यांनी येते, त्याच सुमाराला यानं सोडतात. जुलै 2020 मध्ये अमिराती, चीन आणि अमेरिका, तिघांची यानं एकाच महिन्यात गेली. त्या काळाला मी ‘प्रक्षेपण-खिडकी’ लिहिलंय.

खारपाणपट्टा
खिडकी काहून? ‘वाफसा’ म्हना! वाफसा म्हंजे रान पेरनीजोगं होनं; तो आला तर पेरा, गेला तर थांबा. पोट्ट्यायले एका शब्दात समजते.

शब्दनिष्ठ
वाफसा पावसावर आणि जमिनीवर असतो, आधी सांगता येत नाही. मंगळाची जुळणी कितीतरी वर्षं आधी गणिताने मांडता येते. तिथे ‘मुहूर्त’ नेमका बसतो. आणि शब्द ‘वापसा’ असा आहे, ‘वप्’ म्हणजे पेरणे.

पऱ्हाटी
‘मुहूर्त’ विज्ञानाच्या तक्त्यावर नको, मुलं पंचांग काढतील. आणि ‘वाफसा’ वाफेवरूनच. पावसानंतर ऊन पडलं की रानातून वाफ निघते, जादा ओल उडते, तेव्हाच तिफण चालते. आमच्या शिवारात ‘वापसा’ कोणी म्हणत नाही.

खारपाणपट्टा
आमच्याकडं दोन्ही चालते. आमची काळी चिक्कट जमीन, वाफसा दोन दिवस टिकला तरी लय झालं.

धानपट्टा
आमच्या भंडारा-गोंदियात रोवणीला वाफसा बघतच नाहीत, चिखलणी लागते. लाखोळीच्या डाळीचं बीसुद्धा उभ्या धानातच ओलीवर फेकतात. इकडच्या मुलांना ‘वाफसा’ कळेल का?

शब्दनिष्ठ
बांधावर तूर लावता ना? तिला काय बघता?

धानपट्टा
तुरीला ‘ओल’ बघतो. ‘वापसा’ ऐकला आहे, पण कृषी सहायकाच्या तोंडून.