राखाडी पाठ, लाल डोळे, बुलबुल पकडला – हा कोणता पक्षी?

मृद्गंध:
आज सकाळी खिडकीसमोर काहीतरी सुसाट आलं आणि कठड्यावरचा बुलबुल घेऊन थेट खाली जमिनीवर. साधारण कबुतराएवढा, पाठ राखाडी, पोटावर बारीक तांबूस आडव्या रेघा, डोळे लालभडक. बुलबुल पायाखाली दाबून धरला आणि नुसती पिसं उपटत बसला, तो बिचारा अजून हलत होता हो, मला बघवेना. टाळ्या वाजवून हाकलायला पाहिजे होतं का? आई म्हणते पावशा असेल.

दुर्बीणवाला:
शिक्रा. डोळे लालभडक म्हणजे नर, मादीचे पिवळे-केशरी असतात आणि अंगाने ती थोराड. आईंची चूक नाही, पावशा दिसतो तसाच आणि उडतो पण तसाच, छोटे पक्षीसुद्धा फसतात आणि त्याला बघून कलकलाट करतात. याचा त्याला फायदाच होतो, कारण अंडी सातभाईच्या घरट्यात घालायची असतात, आणि शिक्रा समजून सातभाई उठले की घरटं मोकळं. पण तो किडे, अळ्या, फळं खाणारा, बुलबुल धरणं त्याचं काम नाही. पुढच्या वेळी चोच बघा, शिक्र्याची आखूड नि आकड्यासारखी, आणि गळ्यावर मधोमध एक उभी रेघ.

पानगळ:
हाकललं नाहीत ते बरं केलंत. ससाण्याच्या चोचीला दातासारखी खाच असते, तो मान मोडून लगेच संपवतो, शिक्रा मात्र नख्यांनी आवळून मारतो म्हणून वेळ लागतो, बघणाऱ्याला त्रास होतो हे खरंय. पण नख्या आत गेलेला बुलबुल सुटला असता तरी जगणं कठीण, आणि शिक्र्याला परत दुसरा धरावा लागला असता. त्याच्या बऱ्याच झडपा वाया जातात. घरट्यात मादी-पिल्लं असतील तर त्यांचं खाणं पण तोच आणतो. रोज पक्षीच मिळतो असं पण नाही, सरडे, खारी, नाकतोडे, जे हाती लागेल ते.

सुगरण_२१:
थोडं अवांतर, फक्त आवाजावर जाऊ नका. कोतवाल शिक्र्याची इतकी हुबेहूब नक्कल करतो की मी कितीदा उगाच वर बघत उभी राहिलेय. आणि डोकं विटकरी, पंख लांब टोकदार दिसले तर ती तुरुमती, म्हणजे छोटा ससाणा, ती पण पक्षीच मारते, जोडीने शिकार करते, एक हुसकावतो दुसरा झडप घालतो, बघण्यासारखं असतं.

मृद्गंध:
गळ्यावरची रेघ होती! आत्ता खाली जाऊन आले. करड्या पिसांचा गोल ढीग आणि त्यात बुलबुलच्या शेपटीखालची ती लाल पिसं, बाकी काहीच उरलं नाहीये. वाईट वाटतंच आहे, पण हाकललं नाही ते बरं झालं.