मूल कडेवर, गोष्ट डोक्यात : तुमचे अनुभव सांगा

अर्धविराम

काल जुन्या फोनमधलं सगळं नव्यात घेत होते. त्यात ध्वनिमुद्रणांचा ढीग सापडला. नावं नाहीत, नुसत्या तारखा. एक लावून पाहिलं तर माझाच आवाज, पण अंगाईच्या चालीत! "मग तो दार लावून घेतो... हं हं... कडी नीट बसत नाही... जो जो... बाहेर पावलं वाजतात... ए, डोळे मीट बघू." मागे फरशीवर माझ्याच चपलांची फेरी ऐकू येतेय. लेक तेव्हा कडेवरच झोपायची, खाली ठेवली की टक्क जागी. एक अख्खा खून मी तिच्या पाठीवर थोपटत, कुजबुजत सांगितलाय.

लेक आता दहावीत आहे. तिला ऐकवलं तर म्हणते, "तरीच मी झोपेत दचकायचे!"

तेव्हा हात मोकळा नसायचा म्हणून बोलून ठेवायचे आणि जमेल तेव्हा टंकायचे. टंकताना लक्षात आलं की माझी वाक्यं आखूड झालीत. आधी मी एका वाक्यात तीन-तीन 'की' घालणारी बाई! येरझाऱ्या घालत, थोपटत, दम सांभाळत तसं बोलताच येत नाही. ती कथा छापून आली तेव्हा संपादकांनी 'नेमक्या शैली'चं कौतुक केलं. मी कशाला काय बोलतेय.

तर घरात मुलं वाढत असताना तुम्ही कसं लिहिलंत, लिहिताय किंवा सोडलंत? उपदेश नको, वेळापत्रकं तर त्याहून नकोत. घडलं ते सांगा. लेखकांची मुलं असाल तर आधी तुम्ही या.

निशाचर

मस्त धागा. निवांत लिहिते नंतर. (हे वाक्य मी सगळ्याच बाबतीत म्हणत आलेय.)

बाबा_टंकतोय

पहाटवाल्यांतर्फे मी हजर. बापाला जाग आली हे बाळाला भिंतीपलीकडून कसं कळतं कोण जाणे. मी साडेचारला उठलो की हा पावणेपाचला उठणार. चारला उठून बघितलं, तर साहेब सव्वाचारला. शेवटी मांडीवर घेऊन एका हाताने टंकायला लागलो. एका हाताने जोडाक्षरं काढणं ही शिक्षा आहे. त्या काळातल्या माझ्या कवितांत 'क्ष' आणि 'ज्ञ' शोधून सापडणार नाहीत. रसिकांना ती सहजता वाटली, त्यांचं भलं होवो.

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनबाईंचंही असंच. दोन मुलगे, प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी, घटस्फोटानंतर एकटीवर घर, आणि लिखाण पहाटे, पोरं उठायच्या आत. पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा वय ३९. १९९३ मध्ये नोबेल. हे सगळं मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "घरात नवरा नव्हता ना, म्हणून जमलं."

(हलकेच घ्या, असं लिहिणार होतो. पण तिने हलकेच म्हटलं नव्हतं.)

कडेवरची

हसून हसून पुरेवाट! वहिनींना दंडवत सांगा.

साशंक

वेळ मिळत नाही ही सबब आहे असं माझं स्पष्ट मत. ज्याला लिहायचंच असतं तो लिहितो. मी दोन्ही मुलं लहान असताना कादंबरी पूर्ण केली.

टिंब

साशंकभाऊ, तेव्हा मुलं कोणापाशी असायची?

साशंक

आईपाशी. बायको नोकरीला जायची. पण तरी...

टिंब

'पण तरी' पुरे.

जुनीवही

मी इथली आजीच म्हणायची. चष्मा शोधण्यात वेळ गेला, सांभाळून घ्या.

मुलं तिसरी-चौथीत होती तेव्हा रोज संध्याकाळी शुद्धलेखनाचा सराव घ्यायचा असे. मी सांगायचं, त्यांनी लिहायचं. पाठ्यपुस्तकातले उतारे पाठ झाल्यावर थोरली डोळे मिटून लिहायला लागली. मग मी माझ्या डोक्यात चाललेली गोष्टच घालायला लागले. रोज एक परिच्छेद. मुलीचं अक्षर मोत्यासारखं, माझं मलाच वाचता येत नसे. म्हणजे सराव तिचा आणि पक्की प्रत माझी. घरात कोणाला पत्ता नाही. सासूबाई तर शेजारी सांगत, "सून मुलांचा अभ्यास फार मन लावून घेते."

गोष्टीत एक म्हातारा कारकून होता, निवृत्तीच्या आदल्या दिवशी मरणारा. त्या परिच्छेदाशी आले आणि मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "हा मरतो?" म्हटलं, हो. म्हणे, "मग मी नाही लिहिणार." समजावलं, रागावले, धाकट्याकडून लिहून घेते म्हणून धमकावलं. धाकटा म्हणाला, "मला 'निवृत्ती' येत नाही." झालं. म्हातारा जिवंत राहिला आणि पुढचे कितीतरी परिच्छेद मला त्याला कुठेतरी गुंतवून ठेवावं लागलं. तिथेच ती कथा सुधारली असं आज वाटतं, कारण मरण लिहिणं फार सोपं होतं.

मासिकाकडे पाठवताना चौथीतल्या मुलीच्या अक्षरातच पाठवली. स्वीकारल्याचं पत्र आलं, त्यात खाली लिहिलं होतं : 'हस्ताक्षराबद्दल विशेष अभिनंदन.'

निशाचर

आजी!!! यावर वेगळा धागा हवा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चकवा

जुनीवही, तुमच्यावरून बहिणाबाई आठवल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, घरातली-शेतातली कामं करताना ओव्या रचायच्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने त्या टिपून ठेवल्या म्हणून राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये, अत्र्यांनी मनावर घेतलं म्हणून. घरात टिपणारं कोणी नव्हतं अशा किती जणींचं काय झालं असेल हा विचार मला अधूनमधून छळतो.

कडेवरची

मोबाईलवरून टंकतेय, चुका पोटात घाला. माझा आठ महिन्यांचा आहे. सध्या एवढंच सांगू शकते की मी मनातल्या मनात ओळी पाठ करते. पोपटासारख्या, पुन्हा पुन्हा. सगळं आवरून कागद घेते तेव्हा उरतात त्या बहुतेक बऱ्या असतात. किंवा बऱ्या असतात म्हणून उरतात. का नुसत्या यमकवाल्या उरतात? बघायला हवं. उठला.

शेंडेफळ

लेखकांच्या मुलांना बोलावलंय म्हणून लिहिते. नाहीतर लिहिणार नव्हते.

आमच्याकडे बाबा लिहायचे. "बाबा लिहितायत" हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं वाक्य. ते झालं की रेडिओ बंद, बाहेरच्या दाराला पायपुसणं लावायचं म्हणजे ते आपटणार नाही, आणि भांडायचं असेल तर गच्चीवर. आई खोलीबाहेर खुर्ची टाकून काहीतरी शिवत बसायची. ती शिवायला बसत नव्हती, पहाऱ्याला बसत होती, हे मला फार उशिरा कळलं. शाळेतून आल्या आल्या काही सांगायचं असेल तर मी ते आईच्या कानात सांगायचे. आजही मला काही आनंदाचं सांगताना आवाज खाली जातो. नवरा म्हणतो, बढती मिळाल्याचं तू दुखवट्यासारखं सांगितलंस.

बाबांच्या एका पुस्तकाची अर्पणपत्रिका आम्हा मुलांना आहे. 'ज्यांच्या किलबिलाटात हे लिहिलं त्यांना.' कुठला किलबिलाट? भावाने ते पान वाचून पुस्तक मिटलं ते पुन्हा उघडलं नाही.

पुस्तकं चांगली आहेत, हे लिहायलाच हवं. लोक अजून वाचतात. मला त्यांचा अभिमान आहे आणि रागही आहे, दोन्ही जागच्या जागी. आणि हो, लग्नाआधी आईच्याही दोन कथा छापून आल्या होत्या. हे आम्हाला मामाने सांगितलं.

अर्धविराम

शेंडेफळ, लिहिलंत ते बरं केलंत. दोनदा वाचलं.

बाबा_टंकतोय

हे वाचून आत्ता उठून दार उघडं करून आलो.

निशाचर

आले एकदाची. मला धीर दिला तो कॅनडाच्या लेखिका अ‍ॅलिस मनरोंनी. मुली दुपारी झोपल्या की लिहायच्या, पहिला संग्रह १९६८ मध्ये, २०१३ मध्ये नोबेल, तेही आयुष्यभर मुख्यतः कथाच लिहून. सलग वेळ नाही म्हणून कथा, असं त्याच सांगायच्या. मला वाटायचं, चला, आपलंही काही बिघडलेलं नाही.

चकवा

निशाचर, रसभंग करायचा नाहीये, पण मनरो मे २०२४ मध्ये गेल्या आणि जुलैमध्ये त्यांच्या धाकट्या मुलीने जाहीर लिहिलं. लहानपणी सावत्र वडिलांनी केलेले लैंगिक अत्याचार, आणि ते कळल्यावरही आई त्यांच्यासोबतच राहिली हे. तेव्हापासून 'आई असून लिहिती राहिलेली लेखिका' म्हणून त्यांचं उदाहरण मला देता येत नाही. कथा मात्र वाचतो.

निशाचर

माहीत आहे. माझा मुद्दा दुपारच्या झोपेपुरता होता. पण तुमचं पटलं नाही असंही म्हणवत नाही.

चकवा

आखूड लिहिण्यावरून अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर आठवला. वयाच्या विसाव्या वर्षीच दोन मुलांचा बाप. एका बैठकीत संपेल तेच लिहायचं म्हणून कथा आणि कविता, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्यात भाड्याच्या धुलाईयंत्रांच्या दुकानात कपडे वाळवायला यंत्र रिकामं व्हायची वाट बघत उभं राहण्याचा प्रसंग आहे, आणि पुढची कित्येक वर्षं आपलं हेच होणार या जाणिवेने आलेली हताशा. वाचून मला आधी बरं वाटलं, मग आमच्याकडचे वाळत घातलेले कपडे आठवले.

टिंब

बाईला लिहायचं तर स्वतःची खोली आणि वर्षाला ५०० पौंड हवेत, असं १९२९ मध्ये इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फबाई सांगून गेल्या. त्यांना मूल नव्हतं, हे कोणी जोडून सांगत नाही. माझ्याकडे खोली आहे, कडी नाही. धाकट्याने एकदा स्वतःला आत कोंडून घेतलं तेव्हा नवऱ्याने पेचकसाने कडीच काढून टाकली. मुलगा आता कॉलेजात जातो. कडी लावायची राहिलीये. चार स्क्रू तेव्हापासून टेबलाच्या खणात आहेत.

साशंक

टिंबताई, स्क्रू लावायला पाच मिनिटं लागतात.

टिंब

या मग. पेचकस घेऊन या.

नकोनाव

वाचनमात्र असते, आज लिहिते. माझ्या मुलाची वाचाउपचाराची सत्रं असायची. पालकांनी बाहेर बसायचं. पाऊण तास, एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीवर प्राण्यांची चित्रं. सुरुवातीला मी दाराला कान लावून बसायचे. आतून 'प' 'प' 'प' ऐकू यायचं, मग नुसती शांतता, मग पुन्हा 'प'. उपचार करणाऱ्या ताईंनी एकदा मला हळूच बजावलं की तुम्ही दाराशी असता हे त्याला कळतं. म्हणून लांबच्या खुर्चीत बसायला लागले आणि करायला काही नाही म्हणून औषधाच्या चिठ्ठीमागे लिहायला लागले. त्याच्याबद्दल नाही. एका बोटीबद्दल. मी बोट कधी जवळून पाहिलेलीही नाही.

तिथे बसूनच पुस्तक झालं. मुलगा आता भरपूर बोलतो, ऐकून कान किटतात. सत्रं थांबली तेव्हा आनंद झाला आणि पंचाईतही, कारण घरी अख्खी सकाळ मोकळी असून एक ओळ येईना. ती खुर्ची विकत मागावी असंही मनात येऊन गेलं.

जुनीवही

नकोनाव, बाळा, बोटीचं पुस्तक कुठे वाचायला मिळेल?

पूर्वाश्रमीचा_कवी

मी सोडलं. जुळी झाल्यावर वह्या बांधून ठेवल्या, आता सुटं वाटतं. काही सुचलं तर पोरांना सांगतो आणि विसरतो.

कडेवरची

असं नका म्हणू दादा, मुलं मोठी झाली की पुन्हा सुरू कराल नक्की!

पूर्वाश्रमीचा_कवी

नाही करणार. सगळे समजूत का घालतात? कोणी बुद्धिबळ सोडलं तर त्याला कोणी भेटायला येत नाही.

बाबा_टंकतोय

मुलांबद्दल लिहिण्याचं काय करता? मी थोरल्याच्या बाललीलांवर सदर चालवायचो, लोकप्रिय होतं. तो बारा वर्षांचा झाल्यावर वर्गातल्या कोणीतरी ते शोधून काढलं आणि त्याचा अंथरुण ओलं केल्याचा किस्सा मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचला. घरी येऊन काही बोलला नाही. रात्री दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "तुम्ही मला विचारलं नव्हतं." माझ्या मते ते खरं तर निरागस होतं आणि अजूनही तो लेख मला आवडतो, पण काढून टाकला. लेख माझा होता, अंथरुण त्याचं होतं. आता त्याच्याबद्दल ओळ जरी लिहिली तरी दाखवतो. तो बदल सुचवतो. परवा म्हणाला, "ठेवा, पण मला उंच करा." केला.

शेंडेफळ

विचारता, हेच खूप आहे हो.

निशाचर

अवांतर : मराठीत बोलून टंकायची सोय कोण वापरतं? अर्धविरामांचं वाचून काल प्रयत्न केला. 'खून केला' म्हटलं की 'फोन केला' येतं. माझी रहस्यकथा फार सभ्य झालीये.

अर्धविराम

सावकाश बोला आणि आसपास मिक्सर नको. शिवाय 'पूर्णविराम' म्हटलं तर काही फोन टिंब देतात, काही तो शब्दच लिहून ठेवतात.

टिंब

मला कोणी हाक मारली?

साशंक

आजी, एक राहिलं. त्या कारकुनाचं शेवटी केलंत काय?

जुनीवही

निवृत्तीनंतर त्याला बासरी शिकायला लावली. मुलगी म्हणाली लग्न लावून दे, पण तोवर तिची वार्षिक परीक्षा संपली होती.